तीस फेब्रुवारी

दिनानाथ कर्णिकांनी पेणच्या वाचनालयात उभा जन्म पुस्तकं लावण्यात घालवला, पण तेवढ्या काळात कुणाशी चढ्या आवाजात बोलल्याचं कुणाला आठवत नाही. 'शांतता राखा' ही पाटीसुद्धा त्यांनी शिपायाकडून लावून घेतली, स्वतः लावली असती तर ती जरा उद्धट वाटली असती, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. निवृत्त झाल्यावर ते घरात बसून राहिले असते. पण रोहिणी म्हात्रे आली आणि त्यांना उठवून घेऊन गेली.

रोहिणी खारेपाटातली, म्हणजे पेणजवळच्या खाडीकाठच्या पट्ट्यातली. लहानपणी बापाच्या सायकलवर डबलसीट बसून वाचनालयात यायची आणि जायच्या वेळी हमखास एक पुस्तक जास्त मागायची. नियमात बसत नव्हतं, तरी दिनानाथ ते द्यायचे. पुढे ती शिकली, पुण्याला गेली, हवामानाची शास्त्रज्ञ झाली आणि सत्त्याण्णव साली पेणला परत आली. एका भातगिरणीच्या माडीवर दोन खोल्या घेऊन तिनं किनारा अभ्यास केंद्राची पाटी लावली. येत्या साठ वर्षांत आपल्याकडे पाऊस कसा पडेल, समुद्र किती चढेल, समुद्र अडवणारे खारजमिनीचे बांध टिकतील की नाही, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी पुण्याच्या मोठ्या संगणकावर एक मॉडेल चालवलं होतं. मॉडेल म्हणजे आकड्यांचं आभाळ. त्यात रोज सूर्य उगवायचा, वारा सुटायचा, पाऊस पडायचा आणि प्रत्येक दिवसाची एक फाइल तयार व्हायची.

अशा फाइलींनी भरलेल्या टेपा खोक्यांतून पेणला आल्या. काड्यापेटीपेक्षा जरा मोठ्या, काळ्या, प्लास्टिकच्या. कशात काय आहे याचा पत्ता नाही.

"कर्णिककाका, हे लावायला माणूस पाहिजे. आणि मला तुमच्याशिवाय दुसरा दिसत नाय," रोहिणी म्हणाली.

"मला संगणकातलं काही येत नाही गं."

"पुस्तकंच हायत असं समजा. फक्त उघडून वाचायची नाय."

दिनानाथ शिकले. चुकत, घाबरत, प्रत्येक बटण दाबण्याआधी तिच्याकडे बघत शिकले. पावसाच्या फाइली एका कप्प्यात, वाऱ्याच्या दुसऱ्यात, भरतीच्या तिसऱ्यात. कप्प्यात वर्ष, वर्षात महिना. फाइलीच्या नावातच तारीख असायची, त्यामुळे लावणं सोपं होतं. टेपांना खाडीची दमट हवा चालत नाही म्हणून डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या. आणि पेणला पाणी शिरलंच तर सगळं जाऊ नये म्हणून प्रत्येक टेपेची एक नक्कल रोह्याला. तिथं एका शाळेच्या वरच्या मजल्यावर केंद्राची एक खोली होती, तिच्यात एक संगणक होता आणि राखण करायला हैबतराव देशमुख होते.

हैबतराव मूळचे खांब गावचे. रोह्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. कंपनीत त्यांनी जन्मभर शिफ्ट केल्या आणि आता जन्मभराची झोप वसूल करत होते. दिनानाथांनी कधी फोन केला, की पलीकडून आधी जांभई ऐकू यायची, मग आवाज.

"बोला ग्रंथपालसाहेब. काय म्हनतंय पेण?"

दिनानाथांना हा माणूस आवडत नसे. टेपा ज्या क्रमानं पाठवाव्या त्या क्रमानं तो कधीच ठेवायचा नाही. त्यावरून दिनानाथ त्याला फोनवर बोलायचेही. समोरासमोर कुणाला शब्दानं दुखवायची त्यांची छाती नव्हती. फोनवर मात्र थोडीफार होती.

तर एके दिवशी दिनानाथ मॉडेलमधला २००३ सालचा फेब्रुवारी लावत होते. अठ्ठावीस झाले, आणि पुढे एकोणतीस. २००३ हे काही लीप वर्ष नव्हे. त्याच्याही पुढे होती तीस.

फेब्रुवारीची तीस तारीख.

दिनानाथांनी चष्मा पुसला. मग पुढचं वर्ष उघडलं. तिथंही तीस. त्याच्या पुढच्या वर्षीही. साठच्या साठ वर्षांत तीस फेब्रुवारी होती. उलट एकतीस तारीख मात्र कुठल्याच महिन्यात नव्हती. ना जानेवारीला, ना मेला, ना डिसेंबरला.

त्यांना हसू आलं. हसू आलं हे पुढे त्यांना फार लागलं, म्हणून इथं सांगितलं पाहिजे. एवढ्या शिकलेल्या माणसांनी, एवढ्या मोठ्या संगणकावर, फेब्रुवारीला तीस दिवस दिले, आणि ते सापडलं कुणाला, तर पेणच्या निवृत्त ग्रंथपालाला. रोहिणी तेव्हा चार दिवसांसाठी पुण्याला गेली होती. तिला फोन करून विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर शोध तिचाही झाला असता, आणि आयुष्यात प्रथमच लागलेला शोध त्यांना थोडे दिवस एकट्यापाशी ठेवायचा होता. वाचनालयात दोनदा नोंदलेलं पुस्तक सापडलं, तर दुसरी नोंद खोडायची हा त्यांच्या हाडात मुरलेला नियम. त्याच नियमानं त्यांनी एकेक टेप संगणकावर उतरवली, नसलेल्या तारखांच्या फाइली पुसल्या आणि उरलेलं त्याच टेपेवर परत लिहिलं. एकतीस तारखेच्या फाइली गहाळ आहेत, तेवढं मात्र रोहिणी आल्यावर तिच्या कानावर घालायचं ठरवलं. ती आली ती इतक्या घाईत, की ते राहूनच गेलं.

एक प्रत दुरुस्त केली की दुसरीही करायला हवी. त्यांनी पुसण्याच्या सूचना एका फ्लॉपीवर घालून रोह्याला पाठवल्या आणि फोन केला.

"हैबतराव, फ्लॉपी मिळाली? प्रत्येक टेपेला चालवायची. फेब्रुवारीला तीस दिवस दिलेत हो त्यांनी!"

"काय सांगता!"

"अहो, एवढी शिकली, पण पोरीला साधं कॅलेंडर कळत नाही." हे बोलताना दिनानाथांना एक गोड शिरशिरी आली. असं काही ते कुणाबद्दल कधी बोलले नव्हते.

आठवड्यानं पुन्हा फोन केला, तेव्हा जांभईनंतर हैबतराव म्हणाले, "झालं साहेब. सगलं चकाचक."

*

मार्चमध्ये रोहिणीनं पेणला सभा घेतली. आलेले बहुतेक खारेपाटातले शेतकरी आणि मिठागरांवरचे लोक. पुढच्या सतरंजीवर बाया, मागे पुरुष, आणि अगदी शेवटी, दाराजवळ, दिनानाथ. रोहिणीनं भिंतीवर आलेख दाखवला. साठ वर्षांचा पाऊस, प्रत्येक वर्षाची एक आडवी पट्टी, पावसाचे दिवस निळे. सभेआधी तो छापून आला तेव्हा गडबडीत तिनं तो नीट पाहिलाही नव्हता.

वरच्या पट्ट्या ठीक होत्या. निळं जूनमध्ये सुरू होत होतं. मग ते सरकू लागलं. दर पट्टीला थोडं डावीकडे. मधल्या पट्ट्यांत मे, मग एप्रिल. खाली पोचेतो पाऊस ऐन मार्चमध्ये पडत होता.

खोलीत चुळबूळ झाली.

"म्हंजे होलीला पाऊस?" मागून महिपती पाटील म्हणाला. "मंग शिमग्याला छत्री घेऊन नाचायचा काय?"

लोक हसले. पण पुढे बसलेल्या सीताबाई हसल्या नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य मिठागरावर गेलं होतं. मीठ पिकतं ते उन्हाळ्यात, पावसाचा थेंब पडला की वाफा गेला.

"गो पोरी," त्या म्हणाल्या, "होलीला पाऊस आला तं आमी मीठ कवा पिकवायचा? माझ्या नातवांनी काय करायचा?"

रोहिणी आलेखाकडे बघतच राहिली. "थांबा आजी. यात काहीतरी..."

"बापाचा बांध बघायचा सोडून पोरगी होलीला पाऊस पाडतेय," महिपतीनं पुन्हा टोमणा मारला, आणि या वेळी हसू मोठं होतं.

दिनानाथांच्या आयुष्यात न घडलेली गोष्ट तेव्हा घडली. ते उभे राहिले. जास्तीचं पुस्तक मागणारी ती मुलगी पुढे एकटी उभी होती आणि लोक तिला हसत होते.

"बाईंचं काम चोख आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "फाइली मी स्वतः तपासल्यात. एकूण एक. त्यांत तीस फेब्रुवारीसारख्या तारखा होत्या, त्यासुद्धा मी काढून टाकल्या. चूक राहिलेली नाही."

रोहिणीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याला घराची वाईट बातमी सांगायची असते आणि तो समोर हसत उभा असतो, तेव्हा सांगणाऱ्याचा चेहरा होतो तसा तिचा झाला. मग तिनं आलेख भिंतीवरून उतरवला.

"आलेख चुकलाय," ती लोकांना म्हणाली. "चूक माझी हाय. पुढच्या रविवारी बरोबर करून दाखवते. आजी, पाऊस जूनलाच येनार, घाबरू नका."

"तुमीच सांगता नि तुमीच पुसता," उठता उठता महिपती म्हणाला. लोक पांगले.

सतरंजी गुंडाळताना तिनं दिनानाथांना समजावून सांगितलं. हळू, शिक्षिकेसारखं नव्हे, तर आजाऱ्याजवळ बसून बोलावं तसं.

"काका, मॉडेलचं वर्ष तीनशे साठ दिवसांचंच असतं. सगळे महिने तीसचे. हिशेब सोपा पडतो म्हणून मुद्दामच तसं करतात. माझा प्रोग्राम नावं वाचत नाय, तीनशे साठ फाइली मोजतो आणि वर्ष संपलं म्हणतो. तुम्ही दर वर्षाचे एक-दोन दिवस काढलेत, म्हणून त्यानं ते पुढच्या वर्षातनं उचलले. म्हणून पाऊस सरकत गेला."

दिनानाथ सतरंजीचं एक टोक धरून उभे होते.

"आपल्या पंचांगात नाय का, महिना तीस तिथींचा?" ती म्हणाली. "तसंच हाय हे."

त्यांच्या घरी वडील रोज सकाळी पंचांगातली तिथी मोठ्यानं वाचत. तीस तिथींचा महिना ऐकत ते लहानाचे मोठे झाले होते. तीस दिवसांचा फेब्रुवारी कुणी विचारपूर्वक केला असेल, ही शंका तरी त्यांना यायला हवी होती. पण शंका यायला आधी समोरच्याला शहाणं मानावं लागतं. त्यांनी तिला मानलं नव्हतं.

"मीच सांगायला पाहिजे होतं," रोहिणी म्हणाली. "आता वाईट वाटून घेऊ नका. पुण्याचा संगणक पुन्हा वर्षभर तरी मिळायचा नाय, त्यांच्याकडची प्रतही त्यांनी पुसलीय. पण रोह्याचा संच हायच ना! उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ, घेऊन येऊ. म्हणून तर नक्कल ठेवतो आपण."

दिनानाथांनी मान हलवली. तोंड उघडलं. 'रोह्याचाही पुसलाय' हे दोन शब्दांचं वाक्य. पण ती आत्ताच इतकी निश्चिंत हसली होती, की त्यांनी ते उद्यावर ढकललं.

*

सकाळी गाडी पेणहून सुटली तेव्हा दिनानाथांनी ठरवलं, कासू स्टेशनावर सांगायचं. कासू आलं. रोहिणी खिडकीबाहेर पेरणीआधी जमीन भाजायला पेटवलेल्या शेतांचा धूर बघत होती. नागोठण्याला सांगू, त्यांनी ठरवलं. नागोठण्याला तिनं दोन वडापाव घेतले आणि मोठा त्यांना दिला. वडापाव हातात घेऊन असं काही कसं सांगायचं? निडीला सांगू. निडीला गाडी जेमतेम थांबली.

वाटेत ती बोलत होती. या कामावरच तिच्या केंद्राला पुढची मंजुरी मिळायची होती. बापाचा बांध दोनदा फुटला होता, त्यासाठीच तर हे सगळं मांडलं. दिनानाथ प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणत होते आणि प्रत्येक 'हो'बरोबर आपण थोडे आणखी खोटे होतो आहोत असं त्यांना वाटत होतं. फाइली पुसणं ही चूक होती. पण कालपासून जे चाललं होतं त्याला चूक म्हणता येत नव्हतं.

रोह्याला उतरून ते शाळेपाशी पोचले. हैबतराव व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते, पेपर तोंडावर. पावलं ऐकून त्यांनी पेपर काढला, आणि दोघांना एकत्र पाहून ताडकन उभे राहिले.

"बाई! आणि साहेबपन! म्हंजे... कलला काय तुमाला?"

"काय कळलं?" रोहिणीनं विचारलं.

"चुकला माझा." हैबतरावांनी हात जोडले. "रागवू नका. आज करतोच. पोराच्या लग्नाची गडबड, मंग कमर धरली, मंग म्हनला उद्या करू. फोनवर झालं म्हनलो, कारन हे साहेब लई बोलतात. खोटा बोललो मी. ती फ्लॉपी तशीच हाय, पाकिटसुदिक फोडला नाय."

दिनानाथांनी व्हरांड्याचा खांब धरला.

"कसली फ्लॉपी?" रोहिणी म्हणाली.

"ती तारखा पुसायची. तुमी फेब्रुवारीला तीस दिवस दिलेत ना, ते काढायला. साहेब म्हनले..." हैबतराव स्वतःला सोडवायच्या घाईत होते, आणि घाईतला माणूस खरं बोलतो. "साहेब म्हनले, पोरीला साधा कॅलेंडर कलत नाय."

कुठंतरी वर्गात मुलं पाढे म्हणत होती. रोहिणीनं दिनानाथांकडे वळून पाहिलं नाही. ते तिनं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती आपली पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत राहिली.

आता गप्प राहायला जागा होती. संच शाबूत होता. हैबतराव दोषी म्हणून हात जोडून उभेच होते. रोहिणीही काही विचारणार नाही, हे दिसत होतं. दिनानाथांनी एवढंच म्हटलं असतं, की 'राहू द्या हैबतराव, बरंच झालं,' तर सगळे खोलीत गेले असते आणि चहा आला असता. ही वाट त्यांना लख्ख दिसली. ती दिसली याचीही त्यांना लाज वाटली.

"हात खाली करा हैबतराव," ते म्हणाले. "तुम्ही काम केलं नाही म्हणून बाईंचं काम वाचलं. मी केलं, म्हणून पेणचं गेलं. आणि रोहिणी, इथलाही संच पुसून झालाय असं मी काल धरून चाललो होतो. तुला सांगितलं नाही. कासूला सांगणार होतो. आणि ते कॅलेंडरचं... ते मी म्हणालो होतो."

"कासूला?" रोहिणी म्हणाली.

"मग नागोठण्याला."

तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला, पण ते हसू होतं की दुसरं काही, हे दिनानाथांना कळलं नाही. ती खोलीत गेली. टेपा डब्यांत होत्या, वाटेल त्या क्रमानं, पण सगळ्या. तिनं एक संगणकात घातली आणि बराच वेळ थांबून २००३ चा फेब्रुवारी उघडला.

"तीस," ती स्वतःशीच म्हणाली.

हैबतराव एव्हाना सावरले होते. "म्हंजे माझी झोप कामाला आली म्हना की! साहेब, आता फोनवर बोलनार काय मना?"

"नाही बोलणार."

"नाय, बोला. न बोलता केलात तं तुमचाच फोन हाय ह्ये कलायचा नाय मना."

रोहिणीनं डब्यावर लावायची चिठ्ठी दिनानाथांपुढे सरकवली. "तुमचं अक्षर चांगलं हाय," एवढंच ती म्हणाली. ते लिहायला बसले. *या संचात फेब्रुवारीला तीस दिवस आहेत. ते बरोबर आहे. दुरुस्त करू नये.* अक्षर नेहमीसारखं सुबक आलं नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि डबा तिनं पेणपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. स्टेशनवर उतरल्यावर दिनानाथ म्हणाले, "रविवारी लोकांना मी सांगतो."

"गरज नाय काका."

"आहे."

"तुम्हाला जमंल?"



*

रविवारी लोक थोडे कमी आले, पण महिपती आला होता, मुद्दाम पुढे बसला होता. भिंतीवर नवा आलेख होता, निळं जूनमध्ये सुरू होऊन सगळ्या पट्ट्यांत तिथंच. रोहिणीनं बोलायला सुरुवात करण्याआधी दिनानाथ दाराजवळून उठून पुढे गेले. आठवडाभर त्यांनी भाषण पाठ केलं होतं. ते त्यातलं पहिलं वाक्यही विसरले.

"मागच्या वेळचा पाऊस," ते म्हणाले, "तो बाईंनी पाडला नव्हता. मी पाडला होता. त्यांच्या फाइलींतले दिवस मी न विचारता पुसले. मला वाटलं, मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. चूक त्यांची नाही, माझी आहे. त्यांनी तुमच्यासमोर ती स्वतःवर घेतली, आणि मी इथंच, त्या दाराशी, ऐकत उभा राहिलो."

ते तसेच उभे राहिले. हात कुठं ठेवायचे ते कळेना. महिपतीनं तोंड उघडलं, बहुधा काहीतरी झणझणीत आलं असावं, पण सीताबाईंनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

"म्हंजे होलीला पाऊस नाय?" त्यांनी दिनानाथांना विचारलं.

"नाही."

"मीठ पिकंल?"

"या आलेखाप्रमाणे तरी पिकेल."

"मंग बस की बाबा खाली," सीताबाई म्हणाल्या. "पोरीला बोलू दे."

दिनानाथ बसले. दाराजवळच्या जागेवर न जाता तिथंच, सतरंजीच्या कडेला, बायांच्या रांगेत. रोहिणीनं आलेख दाखवायची छडी उचलली आणि सगळ्यांत वरच्या पट्टीपासून सुरुवात केली.